कचऱ्याचा खर्च ग्रामसभेत मांडा



दापोऱ्यातल्या या साहित्याच्या मंचावरून कचऱ्याबद्दल कशाला बोलायचं, असं ज्यांना वाटतं त्यांना आधीच सांगतो. गाडगेबाबा कीर्तनाला उभे राहण्यापूर्वी गाव झाडत असत. अध्यक्ष म्हणून मिळालेली वेळ मी उकिरड्यावरच घालवणार आहे.

खेड्यात कचऱ्याला खर्च नसतो, हे आपण सर्रास बोलतो. कधीकाळी ते खरं होतं. शेण, राख, भाजीची देठं, केळीची सालं उकिरड्यात कुजायची आणि उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात पडायची. आज उकिरडा उपसला की फावड्याला गुटख्याच्या पुड्या, शांपूच्या पुड्या आणि लहान मुलांचे डायपर लागतात. ते शेतात टाकता येत नाहीत, म्हणून काडी लावली जाते. तो धूर घरातल्या बाईच्या छातीत जातो. प्लास्टिक गिळलेली गाय गेली की तिचा मालक बुडतो. तुंबलेल्या गटारात उघडा हात घालतो तो सफाई कामगार. खर्च होतोच, मंडळी! फक्त तो गरिबाच्या अंगावर पडतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

सरकारलाही जाब विचारला पाहिजे. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्यात 5,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत निधी ठरला. पूर्ण 5,000 माणसं धरा, 3 लाख होतात. तेही एकदाच, आणि त्यातले 30 टक्के पंचायतीनेच वित्त आयोगाच्या पैशातून घालायचे. त्यात गाडी येईल, शेड होईल. दर महिन्याचं डिझेल आणि चालकाचा पगार कुठून आणायचा?

आणि कंपन्या? प्लास्टिक कचऱ्याचे 2016 चे नियम खेड्यांनाही लागू आहेत. वेष्टन बाजारात आणणाऱ्याने ते गोळा करण्याची जबाबदारी घ्यावी, असं त्यांत आहे. पाच रुपयांचं पाकीट आपल्या किराणा दुकानापर्यंत पोचवणारी गाडी रिकामी परत जाते. तिला रिकाम्या पुड्यांचं पोतं जड होतं काय?

पण माझा सर्वात मोठा राग आपल्यावर आहे. हजार घरांनी रोजचे 2 रुपये दिले तर महिन्याला 60 हजार जमतात. त्यात चालक, दोन कामगार आणि डिझेल बसू शकतं. तरी कर म्हटला की आपण सभेतून उठतो. केळीच्या घडाला घालायच्या पिशव्या आपण रोख पैसे मोजून आणतो आणि घड उतरला की बांधावर फेकतो. ज्याची बाग मोठी त्याने जास्त द्यावं, शेतमजुराच्या घराला माफी असावी. यावर कुणाला भांडायचं असेल तर मी तयार आहे.

जुलै 2022 मध्ये आपला बुऱ्हाणपूर देशातला पहिला ‘हर घर जल’ प्रमाणित जिल्हा झाला. घरोघरी नळाचं पाणी आल्याचे ठराव त्यासाठी 254 गावांच्या ग्रामसभांनी केले. नळासाठी हात वर करणारं गाव कचऱ्यासाठी हात खाली का ठेवतं?

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तीन ठराव आणा: पावती देऊन घ्यायचं शुल्क, कामगाराला वेळेवर पूर्ण मजुरी आणि हातमोजे, आणि पुड्या परत नेण्यासाठी कंपन्यांना पंचायतीचं पत्र. मसुदा इथल्या लेखकांनी लिहावा. ज्याचा विरोध असेल त्याने उभं राहून, नावानिशी तो नोंदवावा.