परतीचं भाडं

(माणगाव तालुक्यातील महिला मंडळं आणि बचतगटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)

तुम्ही मला 'सिस्टर' म्हणून ओळखता. तुमच्यापैकी काहीजणींची बाळंतपणं मी केली आहेत, आणि आता त्यांच्या मुली इथे पुढच्या रांगेत बसल्यात. साहित्यावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की गेली चाळीस वर्षं मी नव्या कादंबरीची वाट पाहत आले आहे. आणि कादंबरी तरी कसली? ख्रिस्ती प्रेमकथा आणि ख्रिस्ती रहस्यकथा. मी नगरकडच्या ख्रिस्ती घरातली. नर्सिंग शिकत होते तेव्हा आमच्या हॉस्टेलच्या कपाटात परदेशातून आलेली जुनी इंग्रजी पुस्तकं असत. नाइट ड्यूटीला दोन ते चार ही वेळ फार वाईट. पेशंट झोपलेले, डोळे मिटायला लागलेले. त्या वेळी या पुस्तकांनी मला जागं ठेवलं. आता हॉस्टेल नाही, ड्यूटी नाही, पण पुढच्या महिन्यात कोणतं नवीन पुस्तक येणार, हे मी अजून मोबाइलवर बघते आणि दिवस मोजते.

चळवळीतल्या मैत्रिणी यावर मला हसतात. म्हणतात, "सिस्टर, एक तर प्रेमकथा, त्यात धर्म. बाईला बांधायला याहून पक्का दोर कुठला?" त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. पण मी त्यांना उलट विचारते, की दिवसभर लावणी करून, भाकऱ्या थापून, म्हाताऱ्यांची औषधं करून रात्री जी बाई अर्धा तास पुस्तक हातात घेते, तिचा तो अर्धा तास तिला कुणी दिला? कुणीच नाही. तो तिनं स्वतः काढलाय. बाईनं स्वतःसाठी वेळ काढणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून कादंबरीची वाट पाहणाऱ्या बाईला मी कमी लेखणार नाही. ती काय वाचते आणि त्यातून काय घेते, हे मात्र आपण एकत्र बसून बोललं पाहिजे. आज मी तेच करणार आहे.

आधी हा प्रकार काय आहे ते सांगते. अमेरिकेत अशा कादंबऱ्या पुष्कळ वर्षं निघताहेत. ग्रेस लिव्हिंगस्टन हिल नावाच्या बाईनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शंभरावर पुस्तकं लिहिली. 1979 मध्ये जेनेट ओक या लेखिकेची 'लव्ह कम्स सॉफ्टली' आली आणि या प्रकाराला नवा बहर आला. मग मोठ्या कंपन्यांना त्यात बाजार दिसला. हार्लेक्विन या प्रेमकथांच्या कंपनीनं 1997 मध्ये 'लव्ह इन्स्पायर्ड' ही ख्रिस्ती प्रेमकथांची माला काढली आणि 2005 मध्ये तिचीच रहस्यकथांची माला. नियम ठरलेले. शिवीगाळ नाही, शेजेचं वर्णन नाही, नायक-नायिकेची श्रद्धा कुठेतरी डळमळते आणि सावरते, आणि शेवट गोड. वाचणाऱ्या बहुतेक बाया, लिहिणाऱ्याही बहुतेक बाया.

आता जेनेट ओकच्या कादंबरीची गोष्ट ऐका. मार्टी नावाची तरुण मुलगी नवऱ्याबरोबर गाड्यांच्या तांड्यातून पश्चिमेकडे निघालेली. वाटेत नवरा मरतो. पोटात मूल, हातात पैसा नाही, ओळखीचं कुणी नाही. नवऱ्याला पुरतात त्याच दिवशी क्लार्क नावाचा एक विधुर तिला म्हणतो, माझ्या लहान मुलीला आई हवी आहे, तू माझ्याशी लग्न कर. लग्न नावापुरतं. वसंतात तांडा परत पूर्वेला जाईल, तेव्हा तुला जायचं असेल तर तुझं भाडं मी भरीन. माझ्या मुलीला तेवढी बरोबर घेऊन जा.

मैत्रिणींनो, ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुढचं प्रेम वगैरे बाजूला राहिलं, माझ्या मनात ते भाडंच राहिलं. जिला दुसरा आसरा नाही तिच्याशी लग्न करताना तिच्या परतीचं भाडं बाजूला काढून ठेवणारा माणूस! मार्टी शेवटी राहते. पण ती राहते तेव्हा तिला जाता येत असतं, म्हणून त्या राहण्याला किंमत आहे. जिला जाताच येत नाही तिच्या राहण्याला आपण प्रेम म्हणतो, संस्कार म्हणतो, पातिव्रत्य म्हणतो. खरं तर तिच्याकडे भाडं नसतं, एवढंच.

तेव्हापासून माझी परीक्षा ठरली. नवी कादंबरी आली की मी बघते, हिच्या नायिकेकडे परतीचं भाडं आहे का?

या परीक्षेत नावाजलेली पुस्तकंही अडखळतात. फ्रान्सिन रिव्हर्सची 'रिडीमिंग लव्ह' 1991 ची, जगभर खपली, 2022 मध्ये तिच्यावर सिनेमाही आला. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची कथा तिनं कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या काळात नेली आहे. लहानपणीच विकली गेलेली एंजल आणि तिच्यावर प्रेम करणारा शेतकरी मायकेल. मी ही कादंबरी रडत वाचली आहे, खोटं कशाला सांगू? पण त्यात लग्नाला तिचा होकार केव्हा येतो? मार खाऊन ती अर्धवट शुद्धीत पडलेली असते तेव्हा. मी नर्स आहे. शुद्धीत नसलेल्या पेशंटची सही आम्ही ऑपरेशनच्या कागदावरही घेत नाही. मग लग्नाला कशी चालते? त्याच पुस्तकाचा शेवटचा भाग मात्र मला मानावा लागतो. एंजल नवऱ्याला सोडून निघून जाते, तीन वर्षं शहरात स्वतःच्या पायावर उभी राहते, आपल्यासारख्या मुलींसाठी घर काढते, आणि मग स्वतःच्या मनानं परत येते. ते घर वाचताना मला आपल्या पंडिता रमाबाई आठवल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये समाजानं 'बिघडलेल्या' ठरवलेल्या बायांसाठी त्यांनी कृपासदन चालवलं, ते या कादंबरीच्या कितीतरी आधी.

आता रहस्यकथा. यात बहुधा असं असतं की एकटी राहणारी नायिका, तिच्या मागे कुणीतरी लागलेला, काळोखात पावलांचा आवाज, आणि तिला वाचवायला एखादा पोलीस किंवा जुना प्रियकर. मला आवडतात. पण मी इतकी वर्षं नोकरी केली, रात्री-अपरात्री टाके घातले, आणि मला माहीत आहे की पावलांचा आवाज बहुतेक वेळा घरातलाच असतो. बाई सांगते, "विहिरीवर घसरले." कपाळ फुटलेलं, आणि दंडावर बोटांचे वळ. विहिरीला बोटं असतात का? केसपेपरवर काय लिहायचं, एमएलसी करायची की नाही, सासू दारात उभी असताना तिला एकटीला कसं विचारायचं, हे आमचं रहस्य. 2019 ते 21 मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 29 टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. सांगितलं त्यांचा हा आकडा, विहिरीवर घसरलेल्या त्यात नाहीत. म्हणून नव्या रहस्यकथेची वाट पाहताना मी ही आशा धरून असते, की या खेपेला तरी लेखिका खुन्याला रानातून आणणार नाही, जेवणाच्या टेबलावर बसवेल.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं. माणगावच्या बायांना त्याचं काय? तर ऐका. ख्रिस्ती कादंबरी ही आपल्याकडे परक्याची गोष्ट नाही. मराठी कादंबरीचा आरंभच तिच्यापासून मानतात. बाबा पदमनजी यांचं 'यमुनापर्यटन' 1857 चं. विधवाविवाहाचा कायदा झाला 1856 मध्ये, आणि दुसऱ्याच वर्षी हे पुस्तक. यमुना शिकलेली, नवरा विनायक समजूतदार. दोघं प्रवास करतात आणि गावोगावच्या विधवांचे हाल बघतात. मग विनायक मरतो आणि यमुनेवर तेच सगळं येतं. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. पुस्तक पुरुषानं लिहिलंय, धर्मप्रसारासाठी लिहिलंय, आणि यमुनेला सुटकेचा रस्ता एकच ठेवलाय, हे मी ख्रिस्ती असूनही म्हणते. पण विधवेनं केस उतरवून कोपऱ्यात बसावं असं ठरलेलं असताना तिला पुढचं आयुष्य आहे असं छापून सांगणं लहान काम नव्हतं.

दुसरी बाई माझ्या नगरची. कृपाबाई सत्यनादन. जन्म 1862, अहमदनगर, धर्मांतर केलेल्या ब्राह्मण आईबापांच्या पोटी. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकायला गेल्या, प्रकृतीनं साथ दिली नाही, शिक्षण सुटलं. मग त्यांनी इंग्रजीत 'सगुणा' ही स्वतःच्या आयुष्यावरची कादंबरी लिहिली आणि नंतर 'कमला'. 1894 मध्ये, बत्तिशीतच वारल्या. 'कमला'मधली विधवा नायिका समोर चालून आलेलं दुसरं लग्न नाकारते. भाडं हातात आहे, पण पाय उचलत नाही. लहानपणापासून मनावर जे घातलं जातं ते कायद्यानं एका दिवसात निघत नाही, हे त्या काळी त्यांनी ओळखलं होतं.

आणि तिसऱ्या लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' कादंबरी नाही, खरं आयुष्य आहे, पण प्रेमकथा म्हणा की रहस्यकथा, त्याच्या तोडीची मी वाचलेली नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, बायकोला न विचारता. चार-पाच वर्षांची ताटातूट झाली. मग लक्ष्मीबाई नवऱ्याकडे आल्या, पण त्याच्या धर्मात लगेच गेल्या नाहीत. सोवळंओवळं पाळत राहिल्या. स्वतःला पटत गेलं तसतसं सोडलं आणि 1900 मध्ये स्वतःच्या निर्णयानं बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून फरफटत जाणं आणि आपल्या पायांनी त्याच रस्त्यानं जाणं यात किती अंतर आहे, ते या बाईनं चेष्टामस्करी करत सांगितलंय.

प्रेमकथा चर्चच्या दारात संपते. दाराच्या आत काय होतं ते आता सांगते, कारण हे पुष्कळ कार्यकर्त्यांनाही माहीत नसतं. ख्रिस्ती बाईच्या घटस्फोटाचा कायदा 1869 चा, इंग्रजांचा. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की घटस्फोट मिळे. बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नसे, त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा दोन वर्षं टाकून देणं असं काहीतरी सिद्ध करावं लागे. आणि नुसता मारतो म्हणून तर घटस्फोट नाहीच. मार खाणाऱ्या बाईनं नवऱ्याची दुसरी बाईही शोधून कोर्टात आणायची! स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षं हे चाललं. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला आणि 2001 मध्ये संसदेनं कायदा बदलला. त्यामागे ख्रिस्ती बायांची आणि स्त्री-संघटनांची अनेक वर्षांची धडपड होती. म्हणजे परतीचं भाडं आमच्या पदरात कायद्यानं पडलं ते 2001 मध्ये. माझ्या बरोबरीच्या कितीजणींचं आयुष्य तोवर सरत आलं होतं.

बाकीच्यांनी हे ऐकून सुस्कारा टाकू नये. भाडं तुमच्याकडे तरी आहे का? मार्च 2023 पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. माणगाव स्टँडवरून माहेरी अर्ध्या तिकिटात पोचता येतं. पोचल्यावर चौथ्या दिवशी भाऊ विचारतो, "दाजी कधी येतायत न्यायला?" तिकीट अर्धं झालं तरी जागा कुठे आहे? म्हणून लक्षात ठेवा, कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यानं कोणत्याही धर्माच्या बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिलाय, घर कुणाच्याही नावावर असो. भाडं म्हणजे नुसतं निघून जाणं नाही. मारणाऱ्याला आवरून आपल्या घरात राहता येणं हेही त्यात आलं.

मग आपण काय करायचं? माझ्या तीन साध्या सूचना आहेत. पहिली, बचतगटाच्या बैठकीत हिशेब झाल्यावर अर्धा तास गोष्टीला द्या. जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. 'स्मृतिचित्रे'पासून सुरुवात करा, कंटाळा येणार नाही याची हमी मी देते. दुसरी, गावातल्या वाचनालयाचं सभासदत्व बायांनी आपल्या नावावर घ्या आणि पुस्तकांच्या यादीत आपली मागणी लिहा. वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती पुरुष बसलेत म्हणून दारातून परत फिरू नका. तिसरी, कोणतीही प्रेमकथा वाचून झाली, मराठी असो, इंग्रजी असो, टीव्हीवरची मालिका असो, की एकमेकींना विचारा. हिनं 'हो' म्हटलं तेव्हा हिला 'नाही' म्हणता येत होतं का? हिला भीती कुणाची होती? आणि लग्नानंतर सहा महिन्यांनी ही आरोग्य केंद्रात आली असती, तर सिस्टरला काय सांगितलं असतं?

पुढच्या महिन्यात माझी नवी पुस्तकं येतील. एकीत डोंगरात हरवलेली एक बाई आहे म्हणे. मी वाचेन, आणि बैठकीत येऊन तुम्हाला सांगेन. पण माझी खरी उत्सुकता दुसऱ्याच पुस्तकाची आहे. लावणीच्या चिखलातून घरी येऊन, नवरा मुंबईला, सासू दारात, अशा एखाद्या बाईची गोष्ट, आणि ती तुमच्यापैकी कुणीतरी लिहिलेली. ती हिंदू असो, बौद्ध असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो. तेवढं तिच्या परतीच्या भाड्याचं बघा. वही मी आणून देते, लिहायला बसा.