पडद्यावरची मराठी आणि तिची अवजारे
(माजी विद्यार्थी व पालकांसमोर राजाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि ड्रिल यंत्रांवर अनेकांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. पुढच्या पिढीचे कारागीर संकेतस्थळे घडवतात. त्यांची अवजारे बहुतांशी विनामूल्य आहेत, आणि त्यांतील उत्तमातले उत्तम घरबसल्या मिळते. ‘एमडीएन’ हा मोझिलाने 2005 मध्ये सुरू केलेला संदर्भकोश आणि कोणती सोय कोणत्या ब्राउझरमध्ये चालते हे सांगणारे ‘कॅन आय यूज’ ही नावे या शहरातील तरुणांना नवी नाहीत. तरीही शाळेच्या संकेतस्थळावर मराठी मजकूर चढवायची वेळ आली की हेच तरुण अडखळतात. कार्यालयात तो प्रसंगच येत नाही.

पहिली अडचण अगदी लहान दिसते. हिंदीचा दंडयुक्त ‘ल’ आणि मराठीचा पाकळीयुक्त ‘ल’ वेगळे, ‘श’चेही तसेच. युनिकोडमध्ये मात्र दोहोंचा संकेतांक एकच आहे. पानाच्या आरंभी भाषेची खूण म्हणून ‘एम’ आणि ‘आर’ ही दोन रोमन अक्षरे लिहिली, तर ‘नोटो सान्स देवनागरी’सारखा फॉन्ट आपणहून मराठी वळण देतो. ती खूण नसेल तर मराठी शाळेच्या पानावर हिंदी ‘शाळा’ उमटते! पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणाही याच खुणेवरून आवाज निवडते. दृष्टिहीन पालकाच्या दृष्टीने ही गोष्ट अक्षराच्या डौलापेक्षा कितीतरी मोठी आहे. ‘टिरो देवनागरी’ या फॉन्टचा तर हिंदी, मराठी आणि संस्कृत असा स्वतंत्र संसारच आहे.

बेंगळुरूमध्ये मराठी पान सहसा एकटे नसते. शेजारी कन्नड असते. दोन लिप्या एका घरातल्या वाटाव्यात, ही इच्छा मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘बालू’ फॉन्टमालिकेत पुरी केली आहे. त्यातील कन्नड भावंडाचे नाव ‘बालू तम्मा’, म्हणजे कन्नडमधला धाकटा भाऊ. इथल्या घरांत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हे सारे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मुक्त परवान्याखाली मिळतात. मात्र इंग्रजी मथळ्यांची हौस म्हणून अक्षरांत अंतर वाढवू नये. देवनागरीची शिरोरेघा तुटते. ओळींमधले अंतर मात्र वाढवावे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो.

दुसरी अडचण शोधण्याची. ‘गोऱ्हे’ हे आडनाव संगणकावर दोन प्रकारे लिहिता येते: ‘ऱ’ हे अक्षर वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण साध्या यंत्रशोधाला ती दोन निरनिराळी माणसे वाटतात. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली दाखल झाले; त्याआधीच्या लेखनात ‘ऍ’ आढळतो. माजी विद्यार्थ्यांची यादी चढवताना लेखनाची एकच रीत ठरवली नाही, तर चाळीस वर्षांनी आपले नाव शोधणाऱ्या एखाद्या आजीला ते सापडणारच नाही, आणि आपण इथे शिकलो होतो की नाही, असा तिलाच संभ्रम पडेल.

ज्यांना आरंभापासून शिकायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरिअल’ प्रकल्प आहे. त्यातील छोट्या धड्यांपैकी अनेकांचे निवेदन मराठीत आणि कन्नडमध्येही ऐकता येते. इंग्रजीच्या धास्तीने संगणकापासून दूर राहिलेल्या आयांनी तिथून सुरुवात करावी.

सर्वांत निकडीचे काम जुन्या फायलींचे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी स्मरणिका आणि अहवाल ‘श्रीलिपी’ किंवा ‘शिवाजी’सारख्या फॉन्टमध्ये जुळवले जात. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याच फायली रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग दाखवतात. त्यांना युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके उपलब्ध आहेत. पण जोडाक्षरे आणि रफार यांत ती चुकतात, म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून ओळ अन् ओळ ताडून पाहावी लागते. हे काम जाणत्या शिक्षकांचे आणि निवृत्त पालकांचे. तरुणांनी परिवर्तक चालवावे, वडीलधाऱ्यांनी चष्मा लावून बसावे. आणि मूळ फायली, कितीही निरुपयोगी वाटल्या तरी, पुसू नयेत.