सायकलवरचं ओझं

आम्ही नात्याच्या बचत गटातल्या. तांदळाचे पापड सायकलवरून महाडला नेतो. आधी पिशवी हँडललाच अडकवायचो. एकदा उतारावर ती झुलून पुढच्या चाकाच्या तारांत गेली, आमची एक जण तोंडावर आपटली. दोन दात गेले. पापडांचा चुरा झाला तो वेगळाच. मग सॅक पाठीला लावली, तर खांदे भरून यायचे आणि वळणावर तोल जायचा. शेवटी दूधवाल्याकडे बघून शहाण्या झालो! त्याचे कॅन कॅरिअरच्या दोन्ही अंगांना, खाली लटकतात. आम्ही खताच्या गोण्यांच्या तशाच दोन पिशव्या शिवल्या. दोन्हींत वजन सारखं, टाच लागू नये म्हणून जरा मागे, वरून जुन्या ट्यूबने आवळायच्या. ओढणी मात्र आधी कमरेला खोचा, बायांनो.