आधी झाडं, मग मासे

घरात फिश टँक ठेवायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मासे कोणते घ्यायचे? माझं उत्तरही ठरलेलं आहे : एवढ्यात कोणतेच नाही. आधी झाडं लावा. प्लास्टिकची नव्हेत, पाण्याखाली मुळं धरणारी, पानं टाकणारी, वाढली की छाटावी लागणारी जिवंत झाडं. मासे महिन्याभराने आणले तरी काही बिघडत नाही. घाईने आणले तर मात्र बहुतेकदा बिघडतं.

मासा जे खातो त्यातला बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने पाण्यात परत येतो, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. अमोनिया माशाला विषासारखा. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितकं हे विष जहाल. टाकी जुनी झाली की फिल्टरच्या स्पंजवर, वाळूच्या कणांवर काही जिवाणू वस्ती करतात. त्यातले एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट थोडं असेल तर मासे ते सोसतात. पण ही वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. रविवारी मासे आणले आणि पुढच्या रविवारपर्यंत सगळे गेले, अशी तक्रार घेऊन लोक दुकानदाराशी भांडतात. दोष पुष्कळदा दुकानदाराचा नसतो, माशाचाही नसतो. टाकी कच्ची असते, इतकंच.

जोमाने वाढणारी पाणवनस्पती अमोनिया थेट खत म्हणून शोषून घेते. वर दिवसा प्राणवायू सोडते. शाळेत हायड्रिलावर उलटं नरसाळं आणि त्यावर परीक्षानळी ठेवून केलेला प्रयोग आठवत असेल. नळीत वर जमा होणारे बुडबुडे म्हणजे प्रकाशसंश्लेषणातून सुटलेला प्राणवायू. त्याच प्रयोगावर हा सगळा छंद उभा आहे.

झाडं आणि मासे यांचा हा मेळ घालून दाखवला लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने, आणि १८५० साली त्याची हकिगत प्रसिद्ध केली. बारा गॅलनचं काचपात्र, तळाशी वाळू-दगड, दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं. झाडाची जुनी पानं कुजू लागली, पाणी खराब व्हायला लागलं. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली आणि त्यांची अंडी माशांनी खाल्ली. बारा गॅलन म्हणजे साधारण ५४ लिटर. आज दुकानात मिळणारी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी भरते ती एवढ्याच पाण्याने. आणि व्हॅलिस्नेरिया आजही तिथेच मिळते. दुकानदार तिला नुसतं ‘व्हॅलिस’ म्हणतात.

सुरुवात या दोन फुटी टाकीनेच करावी असं माझं मत आहे. लहान टाकी सांभाळायला सोपी, हा गैरसमज आहे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर तापतं आणि लवकर नासतं. गोल बरणीत एकटा गोल्डफिश ठेवण्याबद्दल तर मी सभ्य भाषेत बोलू शकणार नाही, म्हणून पुढे जातो. भरलेली टाकी काच, वाळू, दगड धरून सत्तर-पंचाहत्तर किलोंच्या घरात जाते. तेव्हा टीपॉय, शोकेसचा कप्पा, पुस्तकांचं रॅक यांच्या भरवशावर राहू नका. पक्का लोखंडी स्टँड घ्या, टाकीखाली थर्माकोलची शीट घाला. थेट ऊन येणारी खिडकी टाळा. उन्हाने झाडं फोफावतील असं वाटतं; प्रत्यक्षात आधी शेवाळ फोफावतं.

पाण्याचा विचार ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे करायचा. मुंबईचं तलावाचं पाणी, पुण्याचं खडकवासल्याचं पाणी मृदू. त्यात जवळजवळ सगळी झाडं रमतात. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं, बादलीच्या कडेला पांढरी पुटं धरतात. अशा पाण्यात व्हॅलिस छान वाढते, गप्पी आणि मोली हे मासेही खूश असतात. म्हणजे पाणी बदलण्याच्या खटपटीपेक्षा पाण्याला मानवेल ते लावावं, हे स्वस्त आणि शहाणपणाचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडं ठेवलं की ते निघून जातं. घाई असेल तर अँटिक्लोरीन मिळतं. जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणत तेच हे सोडियम थायोसल्फेट. पावसाळ्यात धरणाचं पाणी गढूळ झालं की क्लोरीन वाढवलं जातं, हे लक्षात ठेवा.

आता तळ. परदेशी बनावटीची खास माती पिशव्यांतून मिळते, चांगली असते, महाग असते. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकन बाईंनी १९९९ सालच्या आपल्या पुस्तकात साध्या बागेतल्या मातीचा मार्ग सविस्तर मांडला आणि घरगुती टाकीला तो उत्तम लागू पडतो. शेणखत किंवा युरिया न घातलेली माती चाळून घ्या, एक इंच थर द्या, वर दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या वाळूचा एक इंच थर. वाळू धुताना बादलीतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायची, कंटाळा करायचा नाही. बांधकामावरची क्रश सँड नको. तिचे कण धारदार असतात, तळाशी हुंगत फिरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात. रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा पाणबुड्या, उघडमीट करणारा शिंपला, यांनी मुलं दोन दिवस खूश होतात. समुद्रावरून आणलेले शंख-शिंपले मात्र गोड्या पाण्यात हळूहळू विरघळून पाणी जड करतात.

दगडांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पाण्यात घातला तरी सहसा काही सोडत नाही, आणि ओल्या काळ्या दगडाशेजारी हिरवा रंग जसा उठून दिसतो तसा कशाशेजारीच दिसत नाही. फक्त त्याच्या पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक असतील तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकून पाहा. फसफसलं तर ते कॅल्साइट, दगड बाजूला ठेवा. जांभा दिसतो सुरेख, पण भुसभुशीत. त्याचा लाल गाळ सुटत राहतो. लाकूड घेतलंत तर दोन-तीन आठवडे बादलीत बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा. त्यातून चहासारखा रंग उतरतो. त्या रंगाने माशांना अपाय नाही. देशी बदामाची वाळकी पानं टाकीत टाकतात ती अशाच रंगासाठी आणि गुणासाठी.

मांडणीबद्दल बोलायचं तर ताकाशी अमानो यांचं नाव घ्यावंच लागतं. जपानमधल्या नीगाताचे. व्यावसायिक सायकलपटू होते, मग निसर्गछायाचित्रकार झाले, आणि पाण्याखालच्या बागेला त्यांनी कलेचा दर्जा दिला. २०१५ साली लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी चाळीस मीटर लांबीची, एक लाख साठ हजार लिटरची टाकी रचली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या कामातून घरी उचलण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत, पण नेमक्या आहेत. मुख्य दगड मध्यभागी ठेवू नका, लांबीच्या एक तृतीयांशावर ठेवा. दगड विषम संख्येत घ्या, एकाच जातीचे घ्या, आणि सगळ्यांच्या रेषा एकाच दिशेला कलू द्या. तळ मागे चार इंच, पुढे दीड इंच असा उतरता करा. एक फूट रुंदीची टाकी लगेच खोल दिसायला लागते. आणि थोडी वाळू मोकळी सोडा. प्रत्येक कोपऱ्यात झाड कोंबायचा मोह होतो, तो आवरा.

लावणी करताना टाकी पूर्ण भरू नका, तळावर तीन-चार इंच पाणी पुरे. व्हॅलिसचं एक रोप हातात घ्या. तळाशी पांढरट गाठीसारखा भाग दिसतो, तिथून पानं वर आणि मुळं खाली निघतात. मुळं लांबलचक असतील तर दोन बोटं ठेवून बाकी कात्रीने कापा. लांब चिमट्याने मुळांच्या टोकाजवळ धरून रोप तिरकं वाळूत घाला, जरा जास्तच खोल. चिमटा सैल करून बाजूने काढा, आणि मग रोप हलकेच वर ओढा, तो पांढरा भाग वाळूच्या वर येईपर्यंत. तो पुरला गेला तर रोप मधूनच कुजतं. ॲन्युबियस आणि जावा फर्न यांचं उलट : त्यांचं आडवं खोड वाळूत पुरायचंच नाही. साध्या शिवणाच्या दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. मुळं स्वतःच पकड घेतात. ही दोन्ही सावलीतली झाडं, हळू वाढणारी, नवशिक्याला सांभाळून घेणारी. जोडीला हायड्रिला किंवा हायग्रोफिलासारखं झपाट्याने वाढणारं काहीतरी हवंच, कारण सुरुवातीचा अमोनिया तेच ओढणार.

क्रिप्टोकोरिन, म्हणजे दुकानातली ‘क्रिप्ट’, लावलीत तर आठवड्याभरात तिची पानं विरघळल्यासारखी होतील. घाबरून उपटू नका. जागा बदलली की ती असंच करते; मुळं शाबूत असतात, नवी पानं येतात. आपल्या कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरिनची एक जात मिळते, जी जगात दुसरीकडे नाही. कास पठारावरचा वायतुरासुद्धा असाच दुर्मीळ. एक रोप घेऊ, काय होतंय, असं म्हणून तिथे हात घालू नका. रोपं नर्सरीची घ्या.

दिवा पांढरा, ६५०० केल्विनचा एलईडी, दोन फुटी टाकीला साधारण पंधरा ते वीस वॅट. सहा ते आठ तास, आणि टायमर लावूनच. पाहुणे आले म्हणून रात्री अकरापर्यंत दिवा चालू, हे शेवाळाला आमंत्रण. पहिल्या महिन्यात काचेवर तपकिरी थर येतो, तो डायटमचा. पुसून काढा, पुढे आपोआप कमी होतो. हिरवं शेवाळ वाढलं तर औषध शोधण्याआधी दिव्याचे दोन तास कमी करा आणि खाणं निम्मं करा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरची पहिल्या वर्षात गरज नाही, कोणी कितीही गळी उतरवला तरी. तो लागतो लाल पानांच्या हट्टी झाडांना, आणि प्रमाण चुकलं तर मासे गुदमरतात.

महिना झाला, नवी पानं फुटली, की मासे. दोन फुटी टाकीत आठ झेब्रे सुंदर दिसतात. हा भारतीय उपखंडातला मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी वापरला जातो, आणि आपल्याकडे दुकानात सगळ्यात स्वस्त म्हणून दुर्लक्षित आहे. उड्या मारतो, तेव्हा वर झाकण हवं. आधी चार आणा, पंधरा दिवसांनी आणखी चार. गोल्डफिश झाडं कुरतडतो आणि उपटतोही. वॉरिंग्टनचं जमलं म्हणून तुमचं जमेलच असं नाही. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक उपास. माशांना एकादशी मानवते. गावी जायचं असेल तर चार-पाच दिवस मोठे मासे उपाशी सहज राहतात. शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगितलंत तर ते प्रेमाने मूठभर घालतील आणि परत येईपर्यंत पाणी दुधासारखं झालेलं असेल.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका, क्लोरीनने सगळे जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो पिळा. ते उरलेलं पाणी कुंड्यांना घाला, तुळस खूश होईल. विदर्भातल्या मे महिन्यात पाणी बत्तीस अंशांवर गेलं की त्यातला प्राणवायू घटतो. झाकण काढून जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. वीज जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या. रात्री झाडंसुद्धा प्राणवायू वापरतात, म्हणून रात्रीची वीज गेलेली जास्त धोक्याची.

टाकी नीट चालू लागली की दर पंधरवड्याला छाटणी करावी लागते. हायग्रोफिलाचा शेंडा चार बोटं कापून पुन्हा खोचला की नवं झाड तयार. उरलेला पाला, नकोसे झालेले मासे, मोठा झालेला सकरमाउथ, यातलं काहीही नदीत, विहिरीत, विसर्जनाच्या तळ्यात सोडायचं नाही. दक्षिण अमेरिकेतला हा सकर आज उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. कुणाच्या तरी दिवाणखान्यात तो फूटभर झाला आणि टाकीत मावेना, अशाच माशांपासून हे सुरू होतं. मासे दुकानदाराला परत द्या, बहुतेक जण घेतात. पाला दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवा आणि मग कुंडीतल्या मातीत मिसळा.