नदीत जन्मलेला मासा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेले भाषण)



अशा व्यासपीठावरून संत, शाहीर किंवा शिवकाल यांविषयी बोलावे असा प्रघात आहे. आम्ही मात्र आज आपणांस एका माशाची हकीकत सांगणार आहोत. विषय ऐकताच आपल्या कार्यवाहांच्या कपाळावर आठी पडली. ‘शाकाहारी सभासदही असतात हो,’ असे ते हळूच म्हणाले. या भाषणातील मासा कोणाच्याही ताटापर्यंत पोहोचणार नाही, असा शब्द आम्ही त्यांना दिला आहे.

मंडळात ज्यांना सर्वजण नाना म्हणतात, ते आमचे वडीलधारे स्नेही मूळचे मालवणचे. बालपणी खाडीकाठी गरी टाकून मासे गरवण्यात त्यांचे दिवसच्या दिवस जात. पुढे नोकरीच्या निमित्ताने ते गाझियाबादेस आले आणि इथलेच झाले. गेल्या हिवाळ्यात त्यांनी येथील बिऱ्हाड आवरून कायमचे मालवणास परतण्याचे ठरविले. मुलगा, सून आणि नातू येथेच राहणार होते. निघण्यापूर्वी नानांची एकच इच्छा उरली होती. हिमालयातील ट्राउट मासा, हंगामाच्या पहिल्या दिवशी, कृत्रिम माशीने गरवून पाहावा. सोबतीस आमची निवड झाली. इतरांच्या परवान्यांच्या फायली पाहण्यात ज्याची हयात गेली, त्याने एकदा तरी स्वतः परवाना मागणाऱ्यांच्या रांगेत उभे राहावे, असा आम्हीही विचार केला.

फेब्रुवारीच्या अखेरीस एका सायंकाळी आम्ही हिंडनचा पूल ओलांडला. सहारनपूर जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी गाझियाबादेस पोहोचेपर्यंत कितीतरी कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी पोटात घेते. नाकाशी रुमाल धरीत नाना म्हणाले, ‘साहेब, घराशेजारी नदी असून नदी पाहायला रात्रभर प्रवास करायचा, हे काही बरे नव्हे.’ दिल्लीच्या काश्मिरी गेटहून आम्ही कुलूकडे जाणारी बस धरली, सकाळी औट येथे उतरलो आणि लारजीवरून तीर्थन नदीच्या खोऱ्यात शिरलो. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेले ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान याच भागात आहे. तीर्थनचे पाणी पाहिले आणि नाना कितीतरी वेळ बोललेच नाहीत. तळाचा प्रत्येक गोटा मोजून घ्यावा, असे ते पाणी.

ट्राउट हा मासा मूळचा आपल्या देशातला नव्हे. घरच्या ओढ्यांची आठवण काढणाऱ्या इंग्रजांनी तो येथे आणला. १८९९ साली तपकिरी ट्राउटची अंडी काश्मीरकडे पाठविण्यात आली. ती वाटेतच नासली. १९०० साली स्कॉटलंडहून दुसरी खेप आली आणि ती जगली. काश्मीरमधून अंडी नेऊन १९०९ साली कुलू खोऱ्यात कटराई येथे मत्स्यबीज केंद्र सुरू झाले. तेथील हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्यासाठी खटपट केली होती. पुढे इंद्रधनुषी ट्राउट हा उत्तर अमेरिकेतला भाऊबंदही आला. तो बहुतांशी हौदांत वाढवितात. तपकिरी ट्राउटने मात्र हिमालयातील नद्यांत बस्तान बसविले. या माशाला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. म्हणूनच आपल्या कृष्णा-गोदावरीत तो कधी नांदला नाही. आपल्या मुलखातला मानाचा मासा म्हणजे महाशीर. त्याची एक जात कर्नल साईक्स यांनी १८३९ साली मुळा-मुठेच्या पाण्यातून जगापुढे आणली. लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीने तिची पैदास केली आणि तेथील बीज इतर राज्यांतील जलाशयांतही गेले. प्रांत सोडून दूर जाणे केवळ आपल्याच वाट्याला आले आहे, असे समजण्याचे कारण नाही.

हिमाचलातील ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते. हे मासे थंडीत वितात. मादी शेपटीने वाळूगोट्यांत खळगा उकरते, त्यात अंडी घालते आणि वर बारीक खडी लोटते. त्या खडीतून वाहणाऱ्या गार पाण्यातून अंड्यांना प्राणवायू मिळतो. हे बाळंतपण निर्वेध पार पडावे म्हणून चार महिने नदीला विश्रांती, आणि १ मार्चला हंगामाचा प्रारंभ. आदल्या दिवशी आम्ही रीतसर परवाना काढला आणि मत्स्यबीज केंद्रही पाहून आलो. सिमेंटच्या लांबट हौदांत हजारो मासे एकाच दिशेला तोंड करून पोहत होते. तेथील वयस्क कर्मचाऱ्याने एक गोष्ट सांगितली. बीज केंद्रात वाढविलेली बोटुकली नदीत सोडतात. परंतु हौदात वाढलेल्या माशाचे पर सिमेंटला आणि एकमेकांना घासून झिजतात, बोथट होतात. नदीतच जन्मलेल्या माशाचे पर अखंड असतात. तो म्हणाला, ‘बाबूजी, पर पाहिला की मासा कुठला ते कळते.’

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे पाण्याशी उभे राहिलो. खाडीत गरवताना शिशाचे वजन दोरीला दूर नेते. येथे माशी म्हणजे पिसे आणि दोरा गुंडाळलेला नखाएवढा आकडा. तिला वजन असे नसतेच. वजन असते ते जाड दोरीत. दांडी मागे न्यावी, दोरी पाठीमागे हवेत सरळ होईपर्यंत थांबावे आणि मगच पुढे फेकावे. सारी विद्या त्या थांबण्यात आहे. आमच्यासारख्या माणसाला हे जमेना. आमची माशी कधी झुडपात, कधी आमच्याच टोपीत अडके. नाना हसून म्हणाले, ‘अहो साहेब, फाईल इतकी वर्षे थांबवून ठेवता, मग दोरी एक क्षण थांबवायला काय हरकत आहे?’

सकाळ कोरडीच गेली. बर्फाचे पाणी इतके गार की मासे तळाशी सुस्त पडून असावेत. दुपारी ऊन खडकांवर आले, पाण्यावर बारीक कीटक तरंगू लागले आणि एका मोठ्या खडकामागच्या संथ पाण्यात वर्तुळे उठू लागली. प्रथम आमच्या माशीला ओढ लागली. वीतभर मासा हाती आला. त्याच्या पाठीवरचा पर कातरल्यासारखा तोकडा होता. नाना म्हणाले, ‘हा आपल्यासारखा. बदलीवर आलेला.’ आम्ही त्याला सोडून दिले.

थोड्या वेळाने नानांची दांडी वाकली. त्यांनी घाई केली नाही. मासा प्रवाहाकडे धावला तेव्हा दोरी सैल सोडली आणि तो थकत आल्यावर हळूहळू जवळ घेतला. हात पाण्यात भिजवून त्यांनी तो उचलला. सोनेरी अंग, त्यावर काळे ठिपके, काही लाल ठिपक्यांभोवती फिकट कडी. पर पाहिले तर एकूण एक अखंड, कडेपर्यंत रेखीव. नाना त्याच्याकडे पाहातच राहिले. मग मालवणीत, जणू त्या माशालाच, म्हणाले, ‘तू हयसरलोच रे!’ आकड्याला उलटा काटा नव्हता, त्यामुळे तो सहज निघाला. त्यांनी मासा प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात धरला. कल्ले नीट हलू लागले आणि क्षणात तो दिसेनासा झाला.

त्यानंतर नानांनी दांडी आवरली. खडकावर बसून ते म्हणाले, ‘माझा नातू माझ्याशी हिंदीत बोलतो. मी मराठीत विचारतो, तो हिंदीत उत्तर देतो. मी रागावून एक दिवस त्याच्याशी बोललोच नाही. मला वाटले, आपले बीज येथे रुजले नाही. म्हणून परत निघालो. पण तो मुलगा हिंडनकाठी जन्मला आहे. त्याचे पर अखंड आहेत, झिजले ते माझे. मी त्याला मालवणचा करू पाहात होतो. त्याला येथलाच मराठी होऊ द्यायला हवे होते.’ आम्हांला उत्तर सुचले नाही. आमच्या घरातही याहून वेगळी परिस्थिती नाही, हे आपणांपासून कशाला लपवावे?

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. हिमालयाच्या ओढ्यांत असला नावाचा एक देशी मासा पूर्वापार राहतो. तपकिरी ट्राउट त्याचे अन्न वाटून घेतो आणि त्याची पिलेही खातो, असे अभ्यासक सांगतात. आज असल्याची गणना संकटात असलेल्या जातींत होते. त्याला इतरही कारणे आहेत, पण पाहुण्याचा वाटा नाकारता येत नाही. आपण परमुलखात रुजावे, पण यजमानाच्या पाण्यावर हक्क सांगू नये. शेजाऱ्याच्या होळीत आपण असावे, आपल्या गणपतीत शेजारी असावा. माशाला हे समजत नाही. माणसाला समजायला हरकत नाही.

पन्नास वर्षे हे मंडळ कशावर चालले? बरेचसे बदलीवर येणाऱ्या कुटुंबांवर. दरवर्षी महाराष्ट्रातून नवे बीज येते आणि आपण कार्यकारिणी भरतो. हे वाईट नव्हे, परंतु ही झाली हौदातली पैदास. नदी वसली केव्हा म्हणावी? तिच्यात जन्मलेले मासे तिच्यातच विऊ लागले म्हणजे. येथे जन्मलेल्या मुलांना व्यासपीठावर आणताना त्यांचे उच्चार तपासू नका. त्यांच्या मराठीत हिंदीचा ठिपका दिसला तरी तो त्यांच्या अंगचा रंग समजा. आणि नानांनी दोरी सैल सोडली तशी थोडी सोडा.

नाना ठरल्याप्रमाणे एप्रिलमध्ये मालवणास गेले. जाताना आपली दांडी नातवाला देऊन गेले. परवा तो मुलगा आमच्याकडे आला होता. आजोबांचे पत्र आले होते आणि मोडीसारख्या त्या वळणदार अक्षरातील दोन ओळी त्याला लागत नव्हत्या. आम्ही वाचून दाखविल्या. खाडीवर केव्हा येतोस, असे नानांनी विचारले होते. ‘काका, जवाब मराठीत लिहायचा आहे. थोडी मदद कराल?’ असे तो म्हणाला. आम्ही एकही शब्द सुधारला नाही. कागद पुढे केला आणि थांबलो.