हुप्प्याचं बापपण



तुंगारेश्वरला जाऊन माकडं पाहिली नाहीत, असा वसईकर सापडणं कठीण. पुष्कळांनी हातातली पिशवीही त्यांना बहाल केली असेल. पण टोळी दिसली की आपली नजर जाते ती पिल्लाला पोटाशी धरून बसलेल्या मादीकडे. त्या पिल्लाचा बाप कोण आणि तो काय करतो, हे कोणी विचारत नाही. आज एवढंच विचारू या.

मी बोलणार आहे मुख्यतः काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या वानराविषयी. त्याच्या टोळीत आपल्याकडे बहुधा एकच मोठा नर असतो, आपण त्याला हुप्प्या म्हणतो. बाकी माद्या आणि पोरं. उरलेले नर वेगळं टोळकं करून भटकतात. पिल्लू काळसर केसांचं जन्मतं आणि जन्मल्यापासून काही तासांतच मावश्या, आज्या, थोरल्या बहिणी ते आईकडून ओढून घेऊन मिरवू लागतात. आत्या या घोळक्यात नसते, कारण नर वयात आला की जन्माची टोळी सोडतो. हुप्प्या मात्र पिल्लाला सहसा उचलतही नाही. उंच फांदीवर बसून राहतो, मधूनच हुप्प करतो. पाहणाऱ्याला वाटावं, हा नुसता आयतोबा.

तो काय करत होता, हे तो हटल्यावर कळतं. इथून फार दूर नाही, धारवाडला, 1962 मध्ये युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने ते पाहिलं. बाहेरच्या नरांनी एका टोळीवर हल्ला केला, जुन्या हुप्प्याला हुसकावलं, त्यांच्यातला एक टिकला. आणि त्यानंतर टोळीतली पिल्लं एकामागून एक मारली गेली. अनेक शास्त्रज्ञांना हे पटेना. गर्दीने बिघडलेल्या जनावरांची ही विकृती असावी, असं ते म्हणत. पुढे सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेने माउंट अबूच्या वानरांचा अभ्यास करून 1977 च्या पुस्तकात थंड डोक्याने हिशेब मांडला. अंगावर पाजणारी मादी लवकर माजावर येत नाही, पिल्लू गेलं की येते. नव्या हुप्प्याची सत्ता अबूला सरासरी सव्वादोन वर्षं टिकत होती. एवढ्या मुदतीत त्याला स्वतःची पोरं हवी असतात, दुसऱ्याची पोसायला सवड नसते.

माद्याही गप्प बसत नाहीत. त्या एकजुटीने नव्या नरावर धावून जातात. काही जणी गाभण असतानाही त्याच्याशी संग करतात. होणारं पिल्लू आपलं असेल, एवढी शंका त्याच्या मनात राहिली तरी ते वाचण्याचा संभव वाढतो. आपल्या पुराणांतल्या राजमातांनाही या राजकारणाचं नवल वाटलं नसतं.

मग बाप म्हणून हुप्प्याची किंमत किती? याचं चांगलं उत्तर नेपाळच्या तराईत, रामनगरला मिळालं. तिथल्या टोळ्यांत एकापेक्षा जास्त नर एकत्र राहतात. कारोला बोरीस आणि सहकाऱ्यांनी तिथे विष्ठेतून डीएनए तपासला. 1999 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. आणि पिल्लांसाठी आडवे पडणारे नर एकतर बाप होते, किंवा गर्भधारणेच्या काळात टोळीत हजर असल्यामुळे बाप असण्याची शक्यता असलेले. मला या शोधातलं हे शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं वाटतं. खात्री नसतानाही ते लढतात.

इतर वानरकुळांत बापाची कामं निराळी आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या टिटी माकडात आणि रात्री हिंडणाऱ्या घुबडमाकडात बापच पिल्लाला पाठीवर वागवतो, आईकडे देतो ते दुधापुरतं. केनियातल्या अंबोसेलीच्या बबूनांत अनेक नर एकत्र नांदतात, तरी पोरांच्या भांडणात बाप आपल्याच पोराची बाजू घेतो, असं 2003 मध्ये सिद्ध झालं. बापाने काय करावं, याचा एकच नियम निसर्गात नाही. म्हणूनच माकडांकडे बोट दाखवून माणसातल्या बेजबाबदार बापाचं समर्थन करणाऱ्यांची मला कीव येते. त्यांना माकडंही नीट माहीत नसतात.

शेवटी एक व्यवहाराचं. तुंगारेश्वर 2003 पासून अभयारण्य आहे, पण श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तिथे माणसांची रीघ लागते. आपण केळी, वेफर्स टाकतो, पिल्लं रस्त्यावर उतरतात, आपण मोबाइल घेऊन जवळ सरकतो, आणि हुप्प्या दात विचकून मध्ये येतो. त्याला माजोरी म्हणू नका, काठी उगारू नका. त्याच्याकडे बाप म्हणून असलेलं हेच मुख्य काम आहे. चार पावलं मागे व्हा, आणि खाऊ पिशवीतच राहू द्या.