लेक म्हणाली, स्त्री अभ्यास घेते

बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच चर्चा असते, पोरीला पुढे कशाला घालायचं? आज त्याबद्दलच बोलूया.

2020 साली नवं शैक्षणिक धोरण आलं. त्यानुसार पदवीला आता एक मुख्य विषय असतो आणि त्याच्या सोबत एक मायनर, म्हणजे जोडविषय. मुख्य विषय अर्थशास्त्र असेल, मराठी असेल. जोडविषय म्हणून काही ठिकाणी 'स्त्री अभ्यास' घेता येतो. हे नाव ऐकलं की बायका हसतात. "बाईपण काय कॉलेजात शिकायचं? ते तर आपण चुलीपुढेच शिकलो," असं आमच्या गटातही म्हटलं गेलं. म्हणून आम्ही माहिती घेतली.

हा विषय काल-परवाचा नाही. भारतातल्या बायकांची स्थिती तपासायला सरकारने एक समिती नेमली होती. तिचा अहवाल 1974 साली आला. देश पुढे चालला होता, पण पुरुषांच्या तुलनेत बायकांची संख्या घटत होती आणि कामधंद्यातला त्यांचा वाटाही कमी होत होता, हे त्या अहवालाने दाखवलं. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं राहिलं. पुणे विद्यापीठातलं केंद्र 1987 चं. त्याला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आणि मुळं शोधायला गेलो तर ती आपल्याच मातीत सापडतात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 सालीच 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून विचारलं होतं, सगळे दोष बाईच्याच माथी का?

मग वर्गात शिकवतात तरी काय? एक उदाहरण सांगतो. आम्ही बैठकीत प्रत्येकीला तिच्या दिवसाचं घड्याळ काढायला लावलं. पहाटे पाणी भरण्यापासून रात्री भांडी पालथी घालेपर्यंत. काढून झाल्यावर एक मावशी म्हणाल्या, "अगं, मी तर सांगते की मी काही करत नाही, घरीच असते!" हेच काम सरकारने देशभर केलं. 2019 च्या वेळ-वापर पाहणीत दिसलं, की घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला 299 मिनिटं घालवते, आणि घरकामाला हात लावणारा पुरुष 97 मिनिटं. म्हणजे तिचे जवळजवळ पाच तास, त्याचे दीड तासाच्या आसपास. यातल्या एकाही मिनिटाची मजुरी नाही. हे काम मोजायचं कसं, आणि ते मोजलं गेलं नाही म्हणून बाईचं काय नुकसान होतं, हे त्या वर्गात शिकवतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. निंदणी, खुरपणी, वेचणी आपण करतो, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं? वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला मुलाइतकाच जन्माने हक्क आहे, असं हिंदू वारसा कायदा 2005 पासून सांगतो. बाप त्याआधी वारला असला तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. तरीही बहिणी हक्कसोड लिहून देतात. कायदा असून असं का होतं? माहेर तुटेल ही भीती येते कुठून? असे प्रश्न विचारणं हा तिथला अभ्यास. त्यात जात येते, मजुरी येते, आणि मुलाला 'रडतोस काय बायकांसारखा' म्हणून वाढवणंही येतं. म्हणून मुलांनीही तो शिकावा.

खरं तेही सांगायला हवं. नुसत्या जोडविषयावर नोकरी मिळेल, अशी हमी कुणी देऊ नये. पदवी मुख्य विषयाची असते. पण मुलीला पुढे वकिली, पत्रकारिता, समाजकार्य किंवा समुपदेशन करायचं असेल, तर हा अभ्यास तिला उपयोगी पडतो. आमच्या गटातल्या एका ताईंनी याच शिक्षणासाठी कर्ज मागितलं, तेव्हा थोडी वादावादी झाली. शेवटी शेळीसाठी देतो त्याच व्याजाने, त्याच हप्त्याने गटाने ते मंजूर केलं.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात चार गोष्टी विचारा. हा जोडविषय इथे आहे का? शिकवायला त्या विषयाचे प्राध्यापक आहेत का? पुस्तकं आणि परीक्षा मराठीत आहेत का? गावात जाऊन करायचा प्रकल्प आहे का? उत्तरं कागदावर लिहून घ्या, मग फॉर्म भरा.

आणि मैत्रिणींनो, येत्या बैठकीत तुम्हीही दिवसाचं घड्याळ काढा. घरातल्या पुरुषांचंही काढा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. लेक कॉलेजात जे शिकणार आहे, त्याचा पहिला धडा तुमच्यासमोरच असेल.